चूलबंद आवतन

३ डिसेंबर २०१८, सोमवार

सगळ्यात पहिले टपकली ते बाजूची मानीबाई. टेम्पोतून गाद्या उतरल्या नव्हत्या अन् ही गडवाभर ताक घेऊन दाराच्या दाठ्ठ्यात उभी. एक डोळा माह्यावर, एक सामानावर. कपाट लोखंडी का लाकडी, सून कुठं कामाले जाते, पोराले दारूबिरू नाई ना, पाच मिनिटांत पुरी झडती. मी म्हटलं, बाई, तू पहिले पोलीस ठाण्यात होती काय? तं फदफदा हसली. ताक मात्र बेस होतं. तिच्या मागून केबलवाल्या रामधनची माय आली काठी टेकत, अन् मंग दोघींनी मिळून अख्ख्या दिग्रसची कुंडली मले उंबऱ्यावरच वाचून दाखवली. शनिवारी निवांत बसाले येतो म्हणाल्या. या म्हटलं, चहा आहे, तोंड आहे, आणखी काय लागते.

तं असं माहं दिग्रसात येणं झालं. मी पंचफुला, तिसरी पास. ही डायरी जिनिंगमधली, पोरगा प्रफुल्ल तिथं मशीन दुरुस्त करते, त्याले वर्षाच्या सुरवातीले भेटलेली. कोरीच राह्यली होती. सून ममता म्हणे, आई, लिहत जा, हात मोडू नका. ममता दवाखान्यात नर्स आहे. नात दीपा अकरा वर्षांची, तिची शाळा सकाळची. दुपारी घरात आमी दोघी म्हाताऱ्याच. हो, ते पण म्हातारीच आहे, बोलणं आयका तिचं.

गाव सोडाचं मनात नव्हतं. पण दोन साल झाले, गुलाबी अळीनं पऱ्हाटी खाल्ली. बोंड हातात घेतलं का हिरवंगार, टच्च. फोडलं का आत पोकळ. वेचाले काही उरलंच नाई तं वेचणाऱ्या बाया कायच्या उरतात? आमी चौघी एका रांगेत चाळीस साल कापूस वेचला. इंदूबाई आता वणीले पोराकडं, तो कोळशाच्या खाणीत आहे. लालीबाई बाभुळगावजवळ तांड्यावर, पोरीकडं. मी ही इथं. अन् चौथी मैना, ते मागच्या साली फवारणीच्या दिवसात गेली.

जाऊ दे. आल्या आल्या मागच्या सांदीत मातीची चूल घातली. गॅस आहे घरात, पण गॅसवरची भाकर मले रबरावानी लागते. ममता काही बोलली नाई. गुणाची आहे.

५ डिसेंबर, बुधवार

आज दीपानं माह्या फोनात चंगअष्टा टाकून देला! आमी चौघी दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडली का काडीनं जमिनीवर पट आखत होतो अन् चिंचोके फेकत होतो, तोच खेळ. अगदी तस्साच पट, चार बाजूले चार जागा, चिंचोके हलवले का खुळखुळ आवाजबी येते. दीपा म्हणे, आजी, एक खोली असते, त्यात चौघींनी जमायचं, कोणी वणीत असो का बाभुळगावात, बोलणंबी आयकू येते. मी म्हटलं, खोली आहे कुठी? म्हणे हवेत. मी म्हटलं, मंग भाडं लागत नसन, बरं आहे.

इंदूबाईले फोन लावला, लालीबाईले लावला. दोघींच्याबी घरी गेम टाकून घेतला. पण जमते कुठी! इंदूबाईले आवतन पोचे, ते बोट दाबे, अन् गोल गोल चाक फिरत राहे. दीपानं लय डोकं लावलं. मंग समजलं का इंदूबाईचा गेम जुना होता अन् आपला नवा. जुना अन् नवा एका पटावर बसत नाई म्हणे. तिच्या सुनेनं नवा करून घेतला, तं लालीबाईचं बिघडलं. तिले माही खोली दिसेचना. दीपा म्हणे, आजी, लालीआजीचा सर्व्हर दुसरा आहे. सर्व्हर म्हणजे काय? तं कशी समजावते पाहा: तू दिग्रसच्या बाजारात बसली अन् लालीआजी आर्णीच्या बाजारात, मंग भेट कशी होईन? मी म्हटलं, हे बाई मास्तरीणच होईन.

लालीबाईले फोनवर अर्धा तास समजावलं, वरती तीन रेघा आहेत त्यावर दाब, खाली जा, बाजार बदल. ते आपली तिकडून ओरडे, बाजार कोणता मंगळवारचा का रविवारचा. हसून हसून पोट दुखलं.

७ डिसेंबर, शुक्रवार

खोलीत तं येतात पण टिकत नाई. दान टाकलं का बाहेर. इंदूबाई म्हणे, पंचफुले, तुह्या घराचा दाठ्ठाच नडते, आमी आत टिकूनच नाई राह्यलो.

रामधनले बोलावलं. भिंतीवरच्या नेटच्या डब्याची वायर त्यानं काढली, म्हणे काकू, तीस मोजा. मी मोजले. मंग लावली. दिवे हिरवे झाले, पण खेळ काही टिकेना. मंग त्यानं आपल्या मोबाईलवर त्या डब्याचं पोट उघडलं. म्हणे, ह्याले सगळे दरवाजे बंद आहेत काकू, बाहेरचा माणूस आत येईन कसा. ह्या खेळासाठी एक दरवाजा उघडा करून देतो. मी विचारलं, चोर नाई ना येणार? तं हसला. म्हणे, ज्याले तुमी बोलावलं तोच येते.

चहा पाजला. गुणी पोरगा आहे, पण मायचं नाव काढलं का कपाळाले आठ्या.

९ डिसेंबर, रविवार

आज बैठक बसली! लिहू का नाचू असं झालं.

आमच्याकडं आवतन द्यायचे कायदे आहेत, दीपाले ते आज सांगितले. घरटी एक म्हटलं का त्या घरचा एकच माणूस जेवाले येते. चूलबंद म्हटलं का लेकरूलेकरू येते, त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाई. गल्लीतलं एकबी घर वगळाचं नाई. एखाद्या घराले कुलूप असलं तं उंबऱ्यावर चार तांदूळ ठेवून याचं, आवतन पोचलं. अन् जो येऊन गेला तो परतीचं आवतन देते. परतीचं मोडाचं नसते.

दीपा फोनातल्या नंबराइले आवतन धाडत होती. इंदूआजी, लालीआजी. मैनाचा नंबर आला तं तिनं बोट उचललं. माह्याकडं पाहू लागली. मी म्हटलं, दाब. रांगेतलं घर वगळत नसतात. कुलूप आहे तं कुलूप, चार तांदूळ ठेवले समज. फोन तिच्या सुनेजवळ असन, तिले तरी बरं वाटन. अन् लिही, सगळ्याइले चूलबंद आवतन आहे. दीपा खुदखुदली, म्हणे आजी, गेमात कोणाची चूल बंद होते? मीबी हसली.

दोन वाजता खोली उघडली. अन् सगळ्यात पहिले कोण यावं? इंदूच्या आधी, लालीच्या आधी, मैनाबाई. नाव लिहून आलं, बाजूले हिरवा ठिपका. चाक फिरलं नाई, अडकलं नाई, काही नाई. मले भरून आलं. म्हटलं बरं झालं वं पोरी, सासूची जागा भरली तू. तिकडून काही बोलणं नाई. लाजत असन.

मंग दोघी आल्या, खेळ झाला, मैनाच जिंकली.

दीपाले पण आत यायचं होतं तिच्या मायच्या फोनावरून. तिच्याकडं लिहून आलं, खोली भरली आहे. चौघीच बसतात ना. गाल फुगवून बसली. मी म्हटलं, रुसू नको, मी उठली का माही जागा तुही. पक्कं? पक्कं. हातावर हात मारून घेतला पोरीनं.

१२ डिसेंबर, बुधवार

रोज दुपारी दोन वाजता. भांडे झाले का मी पलंगावर पाय वर घेऊन बसली. इंदूबाई वणीची धूळ सांगते, वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काळं. लालीबाई जावयाच्या घोरण्याचं सांगते, नक्कल करते, म्हशी दचकतात म्हणे. मैना काही सांगत नाई. तिले जे दान पाहिजे तेच पडते. चार पाहिजे तं चार, आठ पाहिजे तं आठ.

आज पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक, तोंडावर पदर धरल्यावानी. म्हणे, अंधार झाला काय वं?

दुपारचे अडीच वाजले होते. लालीबाई म्हणे, पोरी, डोळे तपासून घे, ऊन चटके देऊन राह्यलं. आमी हसलो. ते नाई हसली. थोड्या वेळानं परत तेच. अंधार झाला काय वं?

इंदूबाई मले नंतर फोनवर म्हणे, आवाज मैनासारखाच आहे ना? मी म्हटलं, चार साल एका घरात राह्यलं का सुनेचा आवाजबी सासूसारखा होते.

१५ डिसेंबर, शनिवार

मानीबाई अन् रामधनची माय बसाले आल्या होत्या. मानीबाईची मालिका बुडाली म्हणून तोंड एवढं. नालीसाठी खोदताना कोणी केबल तोडली, सकाळपासून अख्ख्या मोहल्ल्यात टीव्ही नाई, नेट नाई. टॉवरबी गेलेला. रामधन खांबावर चढून बसलेला, माय खालून त्याले शिव्या देत चाललेली.

दोन वाजले. माह्या फोनातून खुळखुळ आवाज आला.

पाहाले उचलला. पट उघडा. इंदू नाई, लाली नाई. मैनाचा हिरवा ठिपका. चिंचोके पडून राह्यले होते, एकामागं एक. भिंतीवरच्या डब्यात एकबी दिवा नव्हता, मी स्वतः उठून पाह्यलं.

अन् खाली लिहून आलं. तुमच्या घरचं जेवून झालं. आता माह्या घरी. शनिवारी. चूलबंद.

मानीबाईले दाखवलं तं ते म्हणे, जुनं काहीतरी साठून राह्यलं असन त्याच्यात. असन.

१७ डिसेंबर, सोमवार

मैनाची सून संगीता, तिचा नंबर इकडून तिकडून मिळवला. ते आता अमरावतीकडं वीटभट्टीवर. म्हटलं, बाई, रोज खेळाले येतेस, बोलत काहून नाई?

ते म्हणे, काकू, कायचा खेळ?

मी म्हटलं, सासूच्या फोनावरून.

तं ते फोन घेऊन बाजूले गेली. मंग म्हणे, तो फोन तं त्याच दिवशी फवारणीच्या औषधाच्या ड्रमात पडला. चक्कर आली तेव्हा सासू धुऱ्यावरच्या त्या ड्रमावरच वाकली होती. तिले काढलं, फोन नाई काढला. कोण हात घालते त्यात.

मले त्या दिवशीचं सगळं समोर आलं. मी जवळच होती. बाजूच्या वावरात पंपानं फवारणी, वारं आमच्याकडं. मैनाच्या तोंडाले फेस, डोळ्याच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. बैलगाडीत तिचं डोकस्कं माह्या मांडीवर होतं. सूर्य डोक्यावर, अन् ते हात चाचपडत विचारे —

अंधार झाला काय वं, पंचफुले?

तेच. तेच शब्द. मी इतके दिवस कशी नाई ओळखली?

१९ डिसेंबर, बुधवार

रामधनले बोलावून तो दरवाजा बंद कराले लावला. त्यानं डब्याचं पोट उघडलं, लय वेळ पाह्यलं. म्हणे काकू, इथं तं एकबी दरवाजा उघडा दिसत नाई. मी त्या दिवशी उघडला होता, तोबी नाई. मंग ते आत कशी येते, मी विचारलं. कोण, तो म्हणे. मी चहाले आधण ठेवलं.

प्रफुल्ल काल गावाले गेलता सातबाऱ्यासाठी. जेवताना सहज म्हणाला का मैनाकाकूच्या घरी कोण राहाले आलं? कुलूप तं तसंच आहे गंजलेलं, पण आंगण ताजं सारवलेलं. चार पाट मांडलेले. मधात खडूनं चंगअष्ट्याचा पट आखलेला.

मी ताट बाजूले सारलं.

इंदूले अन् लालीले सांगितलं सगळं. लालीबाई रडाले लागली. इंदूबाईचं आपलं, अगं कोणीतरी चाळे करून राह्यलं, मी नाई भेत. पहिलेपासून तशीच. साप निघाला तं बाया पळत अन् इंदू काठी शोधे.

२२ डिसेंबर, शनिवार

इंदूबाईनं हो दाबलं.

सकाळी तिचाच फोन. हसून राह्यली होती. म्हणे, रोज येते ते परतीचं आवतन, हो का नाई, हो का नाई. दाबलं एकदाचं हो. पाहू दे काय जेवाले घालते. आज सून म्हणे सिगडी पेटतच नाई, तं आमच्या घरी खरंच चूलबंद आहे पाय! अन् खो खो हसली.

मी म्हटलं, इंदू, पेटव. काही कर, रॉकेल टाक, पण पेटव.

ते म्हणे, तुह्यानं काही होत नाई आता, म्हातारी झालीस.

२३ डिसेंबर, रविवार

इंदू गेली. पोरगा, सून, तिघंबी.

एका खोलीत झोपल्यावानी. लोक म्हणतात सिगडीचा धूर कोंडला, कोळशाच्या गावात होते असं.

प्रफुल्ल मातीले जाऊन आला. मी त्याले एकच विचारलं. सिगडी पाह्यली काय? तो म्हणे, पाह्यली. राख नव्हती तिच्यात. कोळसाबी नव्हता. पुसून ठेवलेली, थंडगार.

२६ डिसेंबर, बुधवार

दोन वाजता पट आपोआप उघडला. मैनाचा ठिपका हिरवा. इंदूचाबी.

मी फोन तांदळाच्या डब्यात टाकला, झाकण लावलं. आतून आवाज येत होता. खुळखुळ. अन् इंदूचं खोकलणं, वणीच्या धुळीचं.

लालीबाईचा फोन. मी म्हटलं गेम काढून टाक, आवतनाले हो म्हणू नको. तं ते म्हणे — लय हळू म्हणाली — पंचफुले, मैनाले मी नाई म्हटलं असतं. पण आवतन इंदूनं देलं. इंदूच्या आवाजात. चाळीस साल तिच्या शिदोरीतलं खाल्लं, तिले कसं नाई म्हणू?

मले तिले रागावताबी आलं नाई. मीबी तेच केलं असतं.

२९ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून लालीबाईचा फोन लागत नाई.

संध्याकाळी कळलं. जीप पुलावरून खाली. लालीबाई, पोरगी, जावई, लहानगी. तांड्यावरचे लोक म्हणतात, त्याइच्या घरी आज सैपाक नव्हता. कुठीतरी जेवाले निघाले होते सगळे, नवे कपडे घालून.

आवतन कोणाकडचं होतं ते कोणालेच ठाऊक नाई.

३० डिसेंबर, रविवार

आता मीच राह्यली. म्हणजे मी, प्रफुल्ल, ममता अन् दीपा. चूलबंद म्हणजे घरातलं लेकरूलेकरू. हे आवतन मीच पहिले देलं, ह्याच हातानं.

ममताच्या हातापाया पडली, म्हटलं दीपाले घेऊन माहेरी जा आर्णीले, सुट्ट्या आहेतच नाताळाच्या. ममताले वाटते, मैत्रिणी गेल्या म्हणून माह्या डोक्यावर परिणाम झाला. पण गेली. दीपाले काही सांगितलं नाई कोणी. लहान आहे, भेईन. जाताना रिक्षातून ओरडली, आजी, तिकडून खेळू आपण!

मी हसून हात हलवला.

त्याइले रवाना करून दुपारी खोलीत गेली. शेवटची. तिघींचे ठिपके हिरवे. मी म्हटलं, मैना, चुकलं माहं. वगळाचं नव्हतं म्हणून तुह्या उंबऱ्यावर तांदूळ ठेवले. आता एक माग. चूलबंद नको. घरटी एक कर. मी एकटी येते. म्हणशील तेव्हा, चप्पल न घालता येते. माह्या लेकराइले वगळ.

चिंचोके हलले, खुळखुळ. मंग —

अंधार झाला काय वं?

मी खोलीतून उठली. गेम काढून टाकला. डब्याची वायर उपटली. सिमकार्ड काढून चुलीत टाकलं.

चूल विझू द्यायची नाई. पऱ्हाट्याचा भारा आणून ठेवला. पेटती आहे तोवर आवतन लागू होत नाई. असंच असन. असंच असलं पाहिजे.

१ जानेवारी, मंगळवार

चूल चालू. रात्री प्रफुल्लले जागवते, पहाटे मी. तो काही विचारत नाई, माह्या तोंडाकडं पाहते अन् लाकूड सरकवते.

मानीबाई ताक घेऊन आली. उंबऱ्यातूनच परतवली. कोणाचं काही घ्यायचं नाई, काही द्यायचं नाई.

कालचा दिवस कोणी आलं नाई. आजचाबी.

३ जानेवारी, गुरुवार

प्रफुल्लच्या फोनावर दीपाचा फोन आला. लय खुश. म्हणे, आजी, मी केलं!

काय केलं वं माय?

म्हणे, तुही जागा रिकामी दिसत होती दोनतीन दिवस. मले वाटलं तुहं नेट गेलं. मी जाऊन बसाले पाह्यलं तं जुळतच नव्हतं. मंग मी मामाच्या घरचा डबा बंद केला, तीस मोजले, चालू केला. गेम नवा करून घेतला. सर्व्हर बदलला. सगळं तू शिकली तसं, एकेक. अन् जुळलं! तूच म्हटलं होतं ना, मी उठली का माही जागा तुही. पक्कं म्हटलं होतं.

मी विचारलं, कोण होतं आत?

म्हणे, सगळ्या आज्या. लाड करतात लय. जेवाले बोलावलं, मी हो म्हटलं.

मी फोन प्रफुल्लच्या हातात देला.

प्रफुल्लले सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यानं आयकून घेतलं. ममताले फोन लावला, म्हणे फोन काढून घे तिच्या हातून. ममता म्हणे, घेतला, कपाटात ठेवला. अन् सांगत होती का मामाकडचा गॅस संपला, नवी टाकी येत नाई, तं शनिवारी बाहेरच जेवाले जाऊ —

कोणाकडं, प्रफुल्लनं विचारलं.

तिले आठवेना. कोणीतरी दाठ्ठ्यावर चार तांदूळ ठेवून गेलं होतं म्हणे.

४ जानेवारी, शुक्रवार

प्रफुल्ल पहाटे गाडीवर निघाला, त्याइले आणाले. गाडी बिघडली तरी बारा वाजेपर्यंत परत येतो म्हणाला. दीड वाजला. मानीबाईच्या फोनावरून लावते, लागत नाई.

त्याचा जुना फोन घरी आहे. मानीबाईच्या नेटवर गेम परत टाकला. नवा आहे. सर्व्हर बरोबर. सगळं पाह्यलं, एकेक, दीपानं शिकवलं तसं. माही जागा मले परत पाहिजे. मी बसते तिथं. पोरीनं उठाचं.

हो दाबलं.

खोली भरली आहे.

परत. फोन बंद, तीस मोजले, चालू.

खोली भरली आहे.

मैना, उठव तिले. इंदू, लाली, तुमी तरी — चाळीस साल एका रांगेत —

खोली भरली आहे.

आत जाता येत नाई पण आयकू येते. खुळखुळ. कोणाले तरी आठ पडले, टाळ्या वाजल्या. लहान हाताच्या टाळ्या.

चूल पेटती आहे. पाहून आली. हात धरला तं ऊब लागत नाई. जाळ आहे, ऊब नाई.

दोन वाजले. आंगणात ऊन असन. दिसत नाई नीट. अक्षरं चाचपडत —

आजी, असा आवाज आला. दीपाचा. आजी, अंधार झाला काय गं?

नाई माय. नाई झाला. दुपार आहे, उजेड आहे, तू उठ तिथून, बाहेर —

आता त्या तिघीबी बोलून राह्यल्या. म्हणतात, पंचफुले, तुह्या घरी येऊन घेऊन जातो सगळ्याइले. सैपाक करू नको. उद्या. शनिवारी, दोन वाजता, दीपाले घेऊन येतो, दाठ्ठा उघडा ठेव, चूल —